लुईझियानाच्या खाजणात गाइडबरोबर मासे गरवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इनशोअर ट्रिप म्हणजे नक्की काय? भर समुद्रात जायचं असतं का?

नाही. मिसिसिपी नदीने हजारो वर्षं गाळ आणून जो प्रदेश घडवला, त्यातल्या खाजणात ही ट्रिप होते. गवताची बेटं, त्यांच्यामधून वळणं घेत जाणारे पाण्याचे फाटे, उथळ तळी, आणि पुढे मेक्सिकोच्या आखाताला मिळणारे मोठे उपसागर असा हा मुलूख आहे. पाणी बहुतेक ठिकाणी मचूळ आणि कंबरेच्या आत. लाटा जवळजवळ नसतात, त्यामुळे बोट लागण्याची भीती असणाऱ्यांनीही निर्धास्त यावं. बोटीत कॅप्टनसह तीन-चार माणसं असतात. पहाटे निघायचं, आणि अर्ध्या दिवसाची ट्रिप असेल तर दुपारच्या आत धक्क्यावर परत.

कुठून निघतात?

न्यू ऑर्लिन्सला उतरलात तर सगळ्यात सोयीची गावं सेंट बर्नार्ड पॅरिशमधली (पॅरिश म्हणजे इथला जिल्हा): शेल बीच, होपडेल, आणि थोडं बाजूला डेलाक्रॉ. तासाभरात पोचता येतं आणि समोर बिलॉक्सी मार्श या खाजणाचा अफाट पसारा असतो. शहराच्या दक्षिणेला लाफीट आहे, तिथून बॅराटेरिया उपसागराच्या पाण्यात शिरता येतं. महामार्ग २३ जिथे संपतो तिथे व्हेनिस, नदीच्या मुखाशी. अंतर साधारण ७५ मैल, म्हणजे दीड तास. ग्रँड आइल आणि कोकोड्री आणखी लांब, तिथे आदल्या रात्री मुक्कामाला जाणं बरं.

पहिल्याच खेपेला व्हेनिसचा हट्ट धरू नका. त्याचं नाव मोठं आहे आणि ते सार्थही आहे, पण तिथलं पाणी नदीच्या पुरावर फार अवलंबून असतं. वसंतात नदी गढूळ आणि चढलेली असली की तिथला गोड्या पाण्याचा लोंढा खारे मासे बाहेर ढकलतो. नवख्यासाठी होपडेलच्या बाजूला दिवस जास्त भरवशाचा जातो.

गाइड हवाच का? भाड्याची बोट घेऊन स्वतः गेलो तर?

पहिल्या काही वेळा तरी गाइड घ्याच. नकाशावर जे तळं दिसतं ते प्रत्यक्षात चिखल असू शकतं, आणि जी जमीन दिसते ती मागच्या वादळात वाहून गेलेली असू शकते. तेलकंपन्यांनी खणलेले जुने कालवे, पाण्याखाली राहिलेले खांब आणि पाइप, कालवांच्या शिंपल्यांचे धारदार थर हे सगळं तुमच्या बोटीची वाटच पाहत असतं.

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि बाहेरून येणाऱ्याला ते ठाऊक नसतं. लुईझियानात भरती-ओहोटीचं पाणी ज्यावरून वाहतं अशा पुष्कळ जागांचा तळ खासगी मालकीचा आहे. पूर्वी ती कोरडी जमीन होती. ती खचून पाण्याखाली गेली तरी मालकी सांगणारे मागे हटलेले नाहीत. त्यामुळे बोट सहज शिरेल अशा तळ्यातही तुम्ही घुसखोर ठरू शकता. कोणता फाटा मोकळा आणि कुठे पाटी लावली आहे, हे स्थानिक कॅप्टनला माहीत असतं.

आणि तिसरं कारण, माझ्या मते सगळ्यात मोठं: चांगला गाइड तुम्हाला पाणी वाचायला शिकवतो. गवताच्या कडेला कोळंबी उडतेय का, बोय माशाचा थवा एकाएकी का फुटला, फाट्याच्या तोंडाशी स्वच्छ आणि गढूळ पाण्याची रेघ कुठे पडली आहे, या गोष्टी तो बोट चालवता चालवता दाखवत जातो. मासे मिळणं हे त्या वाचनाचं फळ. नुसता आइस बॉक्स भरून आणणाऱ्या गाइडपेक्षा बोलका, समजावून सांगणारा गाइड शतपटीने चांगला.

कोणते मासे मिळतात?

मुख्य दोन: रेडफिश आणि स्पेकल्ड ट्राउट.

रेडफिश आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. तांब्यासारखा रंग, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, कधी एक, कधी अनेक. लहानपणी तो खाजणात वाढतो, साधारण चार वर्षांचा झाला की बाहेरच्या खोल पाण्यातल्या मोठ्या माशांच्या थव्यांत मिसळतो. त्यातले काही तर चाळिशी गाठतात. खेकडे आणि कोळंबी शोधताना तो डोकं चिखलात खुपसतो आणि उथळ पाण्यात त्याची शेपटी वर येऊन हलते. ती शेपटी दिसली की बोटीतलं बोलणं आपोआप थांबतं. हा मासा डोळ्यांनी शोधून, त्याच्या पुढ्यात आमिष टाकून पकडता येतो, आणि म्हणूनच फ्लाय रॉडवाले, म्हणजे पिसांचं हलकं आमिष फेकून गरवणारे, जगभरातून इथे येतात.

स्पेकल्ड ट्राउट नावाने ट्राउट असला तरी तोही त्याच कुळातला आहे, थंड नद्यांतल्या ट्राउटशी त्याचा संबंध नाही. अंग रुपेरी, पाठीवर काळे ठिपके, वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे. तोंड फार नाजूक असतं. गळ लागल्यावर जोरात हिसका मारला तर ओठ फाटून मासा निसटतो, म्हणून दोर ताणलेला ठेवून सावकाश ओढायचा.

याशिवाय ब्लॅक ड्रम, काळ्या पट्ट्यांचा शीपशेड, तळाशी चिकटून राहणारा चपटा फ्लाउंडर. आणि न बोलावता येणारा हार्डहेड कॅटफिश, आपल्या शिंगाळ्याचा भाऊबंद. त्याच्याबद्दल पुढे धोक्यांच्या प्रश्नात सांगितलं आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

मला विचाराल तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. पाणी निवायला लागतं, पांढरी कोळंबी खाजणातून बाहेरच्या उपसागराकडे निघते, आणि तिच्या मागे ट्राउट आत शिरलेले असतात. वर सीगल पक्षी घिरट्या घालून पाण्यावर झेपावताना दिसले की खाली ट्राउटने कोळंबी वर हाकललेली असते. गाइड बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन इंजिन बंद करतो आणि वाऱ्यानेच थव्याकडे वाहू देतो. इंजिन चालू ठेवून थव्यात घुसणारी बोट सगळ्यांचीच मजा घालवते.

उन्हाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्ट, ट्राउट बाहेरच्या खाऱ्या उपसागरांत अंडी घालायला जमतात आणि भराभर मिळतात. उन्हाचा तडाखा मात्र असह्य असतो आणि दुपारी विजा-वादळं ठरलेली. त्या दिवसांत पहाटे पाचलाच धक्क्यावर हजर व्हावं लागतं. मोठे रेडफिश बघायचे असतील तर शरद ते हिवाळा. थंड हवेत पाणी आरशासारखं नितळ होतं आणि वीस-तीस पौंडांचे मासे बिलॉक्सी मार्शच्या बाहेरच्या कडेला उथळात दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वारा फार. तेव्हा तारीख पक्की करताना मागेपुढे एखादा दिवस मोकळा ठेवा.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आपण आधी बघावं का?

बघा, पण आपली कोकणातली सवय बाजूला ठेवा. तिथे दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं. इथे बहुतेक दिवस एकच भरती, एकच ओहोटी. पाणी चढतं-उतरतं ते जेमतेम फूट-दीड फूट. आणि मोठी भरती चंद्राच्या कलेवर नव्हे, तर चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकला आहे त्यावर ठरते. तो विषुववृत्तावर असतो त्या एक-दोन दिवसांत पाणी जवळजवळ हलतच नाही, आणि पाणी हललं नाही तर मासेही सुस्तावतात.

त्याहून जबरदस्त आहे तो वारा. थंडीच्या लाटेमागून उत्तरेचा वारा सुटला की खाजणातलं पाणी आखाताकडे ढकललं जातं आणि तक्त्यात भरती लिहिलेली असताना चिखल उघडा पडतो. आग्नेयेचा वारा दोन दिवस वाहिला तर उलट गवतात पाणी शिरतं, आणि रेडफिश गवताच्या आत, जिथे गळ पोचत नाही तिथे जाऊन बसतात. पाणी उतरू लागलं की खेकडे, कोळंबी, बारीक मासे फाट्यांच्या तोंडातून बाहेर येतात आणि मोठे मासे तिथे दबा धरतात. गाइड ज्या वेळी जिथे नेतो त्यामागे हा सगळा हिशेब असतो. "काल अमुक जागी मिळाले होते, तिथेच चला" असा आग्रह धरू नये, तो याचसाठी.

लायसन्स लागतं का?

१८ वर्षांखालच्यांना नाही, बाकी सगळ्यांना लागतं. वर्षभराचं नको असेल तर चार्टर बोटीवरच्या (म्हणजे कॅप्टनसह भाड्याने घेतलेल्या बोटीवरच्या) पाहुण्यांसाठी तीन दिवसांचं वेगळं लायसन्स मिळतं. लुईझियानाच्या वन्यजीव व मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर ते काढता येतं. आदल्या संध्याकाळीच काढा, कारण पहाटे धक्क्यावर मोबाइलची रेंज भरवशाची नसते.

किती मासे ठेवता येतात?

रेडफिशचा नियम जून २०२४ मध्ये कडक झाला: माणशी दिवसाला चार, लांबी १८ ते २७ इंच. २७ इंचांवरचा एकही ठेवता येत नाही. पूर्वी पाच ठेवता येत आणि त्यात एक मोठा चालायचा. स्पेकल्ड ट्राउटचा नियम नोव्हेंबर २०२३ पासून माणशी १५, लांबी १३ ते २० इंच, त्या १५ मध्ये २० इंचांवरचे फक्त दोन चालतात. फ्लाउंडर दहा, पण १५ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर त्याला पूर्ण बंदी. चार्टरवर कॅप्टन आणि खलाशाला स्वतःच्या नावाचे रेडफिश किंवा ट्राउट ठेवता येत नाहीत, तेव्हा "तुमचा कोटा आम्हाला द्या" असं कॅप्टनला म्हणू नका. नियम अधूनमधून बदलतात, जाण्याआधी विभागाचं ताजं पान वाचा. मासा किनाऱ्यावर येईपर्यंत त्याचं डोकं आणि शेपटी तशीच ठेवायची असते, बोटीत कापाकापी नाही.

या मर्यादांमागे इतिहास आहे. १९८० च्या दशकात शेफ पॉल प्रुडोम यांच्या न्यू ऑर्लिन्समधल्या हॉटेलातून मसाला लावून तव्यावर काळा केलेला रेडफिश देशभर गाजला. मागणी इतकी वाढली की आखातात मोठ्या जाळ्यांनी अंडी घालणारे थवेच्या थवे उपसले गेले. अखेर केंद्र सरकारने तिथली मासेमारी थांबवली आणि १९८८ मध्ये लुईझियानाने रेडफिश गळाने पकडायचा मासा ठरवून त्याची व्यापारी मासेमारी बंद केली. मासा सावरला. आता पुन्हा खाजणातून मोठं होऊन बाहेर पडणाऱ्या माशांची संख्या घटली, म्हणून २०२४ चा नियम आला. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की मर्यादा म्हणजे गाठायचा आकडा नव्हे. घरी दोन जेवणांना पुरतील एवढे ठेवा, बाकीचे सोडा.

सोडलेला मासा जगतो का?

नीट सोडला तर बहुतेक वेळा जगतो. हात ओले करून धरा, कोरडे हात आणि टॉवेल त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून काढतात. मोठा रेडफिश जबड्याने उभा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करून ठेवा. गळ आत गिळला असेल तर ओढाताण न करता दोर तोंडाजवळ कापा. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि मासा लवकर दमतो, तेव्हा त्याला शेपटीशी धरून पाण्यात सरळ ठेवा, स्वतःहून झटका मारेपर्यंत. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, मागितला तर गाइड आनंदाने लावून देतो.

मी कधी गळ टाकलेला नाही. जमेल का?

जमेल. बहुतेक गाइड नवख्याच्या हाती पॉपिंग कॉर्क देतात: दोराला लावलेला एक तरंगता फुगा, त्याखाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोळंबी किंवा रबरी आमिष. रॉडला छोटा झटका द्यायचा, कॉर्क "बुळुक्" असा आवाज करतो, माशाला वाटतं वर कुणीतरी खातंय. मग थांबायचं. लोक थांबत नाहीत, एकामागून एक झटके देत राहतात, आणि मासा येतो तो नेमका थांबलेल्या क्षणी. कॉर्क दिसेनासा झाला की आधी रिळातला ढिला दोर गुंडाळा, मग रॉड उचला.

येण्याआधी घराजवळच्या मैदानात नुसतं वजन बांधून टाकण्याचा सराव केलात तर फार फरक पडतो. लांब जाण्यापेक्षा नेम महत्त्वाचा. गवताच्या कडेपासून हातभर अंतरावर पडलं पाहिजे, त्याच्या पलीकडे गवतात नाही.

काय न्यावं?

लांब बाह्यांचा पातळ शर्ट, टोपी, मानेवर ओढायचं कापड, सनस्क्रीन, पाणी. पोलराइज्ड चष्मा सर्वांत महत्त्वाचा, त्याच्याशिवाय पाण्याच्या आतलं दिसत नाही. वारा पडला की बारीक चावऱ्या माशा तुटून पडतात, त्यावर मलम. हिवाळ्यात बोटीच्या वेगात बोचरी थंडी वाजते, जाड जाकीट घ्या. रॉड, रीळ, आमिष, बर्फ गाइडचं.

लहान मुलं आणि आई-बाबांना नेता येईल का?

नक्की. मुलांसाठी अर्धा दिवसच ठरवा, आणि गाइडला आधी सांगा की संख्येपेक्षा हात गुंतलेला राहणं महत्त्वाचं आहे. धावत्या बोटीत मुलांना लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, त्यांच्या मापाचं आहे का हे फोनवर विचारा. ज्येष्ठांसाठी खरी अडचण चढण्या-उतरण्याची. पाणी उतरलेलं असलं तर धक्का आणि बोट यांत चांगलीच पायरी पडते. छोट्या बोटींवर स्वच्छतागृह नसतं, हेही आधीच विचारून घ्यावं. बायकांना हे विचारायला संकोच वाटतो आणि मग दिवसभर त्या पाणी पीत नाहीत. असं करू नका, कॅप्टनला हा प्रश्न रोजचा आहे.

मुलांना मासे मिळाले नाहीत तरी बघायला खूप असतं. चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी स्पूनबिल पक्षी, तपकिरी पेलिकन, डॉल्फिन, गोड्या पाण्याच्या बाजूला मगरीसारखे अ‍ॅलिगेटर. डॉल्फिनला खायला घालणं मात्र केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

धोके कोणते?

वीज हा पहिला. सपाट खाजणात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची बोट आणि हातातला रॉड. कॅप्टन परत फिरू म्हणाला की वाद घालू नका.

हार्डहेड कॅटफिशच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे विषारी काटे असतात. तो बूट किंवा हाताने सोडवायला जाऊ नका, गाइडला सोडवू द्या. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. पाकटाच्या नांगीवरही हाच उपाय, पण जखम खोल असेल तर दवाखाना गाठा. पाण्यात उतरून चालणार असाल तर पाय उचलून न टाकता तळाशी घासत चला, म्हणजे पाकट सरकतं.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. उबदार खाऱ्या-मचूळ पाण्यात विब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो. तो उघड्या जखमेतून शिरला तर संसर्ग काही तासांत वाढतो आणि अशा संसर्गात पाचातला एक रुग्ण दगावतो. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी ताजी जखम असताना जाऊच नये. बोटीत खरचटलं तर लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, सूज-लाली वाढली तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे जा आणि खाजणात गेलो होतो हे सांगा.

गाइड कसा निवडायचा? पैसे कसे द्यायचे?

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं कॅप्टन लायसन्स आणि राज्याचं चार्टर लायसन्स, दोन्ही आहेत का विचारा. नेहमीच्या लायसन्सवर कॅप्टन जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकतो. दर बहुतेक ठिकाणी माणशी नसून बोटीचा असतो, तेव्हा किती जणांपर्यंत तो लागू आहे, मासे साफ करणं धरलंय का, आगाऊ रक्कम किती, हे लिहून घ्या. १५ ते २० टक्के टिप देण्याचा रिवाज आहे. मासे कमी मिळाले म्हणून ती कापू नये. त्या माणसाने पहाटे तीनला उठून बोट तयार केलेली असते.

फोनवर बोलताना मी एक प्रश्न हमखास विचारतो: "मासे लागत नसतील तेव्हा तुम्ही काय करता?" जो वाऱ्याबद्दल, पाण्याच्या रंगाबद्दल, दुसऱ्या जागेबद्दल बोलू लागतो, त्याच्याकडे नाव नोंदवावं.

हे मासे खायला कसे लागतात?

रेडफिशचं मांस घट्ट, रस्सा केला तरी तुकडे मोडत नाहीत. तिथली पद्धत म्हणजे खवले आणि कातडी न काढता अर्धा मासा जाळीवर भाजणं. ट्राउट फार मऊ, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तळून खावा, गोठवला की बिघडतो. त्याच्या मांसात कधी पांढरट दोऱ्यासारखी अळी दिसते. शिजवल्यावर माणसाला तिचा काही अपाय नाही. काढून टाका आणि शिजवा.

हे खाजण बुडत चाललंय म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. १९३२ पासून लुईझियानाच्या किनाऱ्याने सुमारे २,००० चौरस मैल जमीन गमावली. १९२७ च्या महापुरानंतर नदीला दोन्ही बाजूंनी मजबूत बांध घातले गेले आणि खाजणाला दरवर्षी मिळणारा गाळ थेट खोल समुद्रात जाऊ लागला. तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं आणि गोड्या पाण्यातलं गवत मेलं. मुळं गेली की माती धरणारं काही उरत नाही. जमीन आपोआप खचते आहे, समुद्र चढतो आहे. २००५ चं कॅटरिना आणि २०२१ चं आयडा या वादळांनी मोठमोठे लचके तोडले. होपडेलजवळून गेलेला जहाजांचा एक मोठा कालवा खारं पाणी इतकं आत आणत होता की २००९ मध्ये तो दगडी बंधारा घालून बंद करावा लागला. नदीचा गाळ पुन्हा बॅराटेरियात सोडण्याच्या प्रचंड प्रकल्पाचं काम २०२३ मध्ये सुरू झालं आणि २०२५ मध्ये राज्याने तो रद्द केला. कालवांचे आणि कोळंबीचे व्यावसायिक त्याच्या विरोधात होते, गोड्या पाण्याने त्यांचा धंदा बुडाला असता. त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही गाळाशिवाय हे खाजण टिकणार कसं, याचं उत्तर मला दिसत नाही.

एक विचित्र गोष्ट ध्यानात ठेवा. गवत फुटून तुकडे होताना कडा वाढतात, आणि मासे कडेलाच पोसले जातात. त्यामुळे खाजण मोडत असतानाही काही वर्षं मासेमारी उत्तम चालू राहते. भरलेला आइस बॉक्स पाहून सगळं ठीक आहे असं समजू नका. तुमच्या गाइडला विचारा की दहा वर्षांपूर्वी इथे काय होतं. तो बोट थांबवून उघड्या पाण्याकडे बोट दाखवेल आणि तिथे असलेल्या बेटांची नावं सांगेल.

हवामान बिघडलं तर पैसे परत मिळतात का?

कॅप्टनने स्वतः ट्रिप रद्द केली तर बहुतेक जण दुसरी तारीख देतात किंवा आगाऊ रक्कम परत करतात. तुम्ही ऐनवेळी रद्द केलीत तर ती जाते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, त्या दिवसांत विमानाचं तिकीट बदलता येणारं घ्या. नुसता पाऊस असेल तर घाबरू नका, रेनकोट घालून जा, ढगाळ दिवशी मासे अनेकदा जास्त वेळ लागत राहतात. जोराचा वारा असेल तर आदल्या संध्याकाळी कॅप्टनला फोन करून त्याचं मत विचारा, आणि तो नको म्हणाला तर तारीख पुढे ढकला.